तारीख पक्की होती

सरकारी दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर "सर्व्हर डाउन आहे, उद्या या" हे ऐकून परत फिरलेल्या माणसाने कारण विचारले, तर त्याला उत्तरे दोनच मिळतात. खिडकीआतले कारकून म्हणतात, वरच्या साहेबांना कॉम्प्युटरमधले ओ की ठो कळत नाही. वरचे साहेब म्हणतात, कॉम्प्युटरवाल्यांनी गंडवले. आरोग्यसेवेतले संगणकाचे काम व्यवस्थापकाच्या हाती द्यावे की तंत्रज्ञाच्या, यावर परिसंवाद झडतात आणि जाडजूड अहवाल निघतात. पण वाद येऊन थांबतो तो या दोन वाक्यांपाशीच.

लंडनच्या अ‍ॅम्ब्युलन्स सेवेने १९९२ साली हा वाद करून पाहिला. नऊ दिवसांत तिची यंत्रणा दोनदा कोसळली. पहिल्या खेपेला संगणक चालू होता, दुसऱ्या खेपेला तो बंद पडला. एकच प्रकल्प आणि एकच खोली, पण मरण दोन वेगवेगळ्या कारणांनी. म्हणूनच तीस वर्षे उलटली तरी हे प्रकरण मला पुन्हा उघडावेसे वाटते. सोमवार, २६ ऑक्टोबर १९९२, सकाळी ७चा सुमार हा शून्य क्षण धरून पुढची मांडणी केली आहे.

दोन वर्षे आधी

१९९०चा उत्तरार्ध. लंडन अ‍ॅम्ब्युलन्स सेवेकडे सुमारे ६०० चौरस मैलांचा टापू होता आणि त्यात ६८ लाखांची वस्ती. दिवसाला दोन ते अडीच हजार फोन येत, त्यांतले निम्म्याहून अधिक ९९९ या आणीबाणीच्या क्रमांकावरचे. हे सगळे वॉटर्लूच्या नियंत्रण कक्षात कागदावर चाले.

ते कसे चाले हे नीट पाहायला हवे, कारण पुढे जे हरवले ते इथेच होते. फोन घेणारा माणूस छापील फॉर्मवर मजकूर लिहून घेई, नकाशांच्या पुस्तकात जागा हुडकून तिचा संदर्भ टाकी आणि फॉर्म सरकत्या पट्ट्यावर ठेवी. पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला बसलेला माणूस आलेले फॉर्म चाळी. एकाच अपघाताचे तीन जणांनी फोन केले असतील तर ते तिन्ही फॉर्म त्याच्या हातात लागोपाठ येत, आणि दोन तो बाजूला काढी. मग ईशान्य, वायव्य किंवा दक्षिण अशा विभागाप्रमाणे फॉर्म गाडी नेमणाऱ्याकडे जाई. गाडी तळावर असेल तर तिथे फोन, रस्त्यावर असेल तर रेडिओवरून निरोप. फोन आल्यापासून गाडी हलेपर्यंत तीन मिनिटांच्या आत सगळे उरकावे, असा दंडक होता.

ही पद्धत झकास होती असे कोणी समजू नये. नकाशात जागा सापडायला वेळ लागे. "अजून गाडी आली नाही" असा दुसरा फोन आला की कोणाला तरी उठून पहिला फॉर्म शोधत फिरावे लागे. सुधारणा हवीच होती. याआधी एकदा संगणक आणायचा प्रयत्नही झाला होता. तो चाचणीतला भार पेलू शकला नाही, आणि १९९०मध्ये ७५ लाख पौंड खर्चून झाल्यावर गुंडाळला गेला.

त्यातच १९८९-९०च्या हिवाळ्यात देशभरच्या अ‍ॅम्ब्युलन्स कर्मचाऱ्यांचा पगारावरून मोठा लढा झाला होता. त्याची कडवट चव कर्मचारी आणि साहेब या दोघांच्याही तोंडात अजून होती. पैसा वाया गेलेला, कामगार बिथरलेले आणि वरून कामगिरी सुधारण्याचा तगादा, अशा वेळी नव्या नेतृत्वाने ठरवले की या वेळी संगणक आणायचाच, आणि तोही अर्धामुर्धा नको.

वीस महिने आधी

फेब्रुवारी १९९१. मागण्यांचा दस्तऐवज तयार झाला. त्यात संगणकाकडून अपेक्षा होती ती अशी: त्याने फोनवरची माहिती घ्यावी, गाड्या कुठे आहेत हे स्वतःच पाहावे, कोणती पाठवायची हे बहुतेक वेळा स्वतःच ठरवावे आणि निरोपही स्वतःच धाडावा. माणसाने अडल्या-नडल्या प्रसंगी हात घालायचा. एवढ्या मोठ्या शहराच्या अ‍ॅम्ब्युलन्स सेवेत असा प्रयोग तोवर ब्रिटनमध्ये कोणी केला नव्हता.

हा दस्तऐवज लिहिताना रस्त्यावर गाडी चालवणाऱ्यांचा सहभाग नावापुरताच होता. संघटनेला निमंत्रणे गेली होती. पण एकमेकांवर विश्वास नसताना निमंत्रणाला कोण जातो?

आणि या कामाच्या तपशिलाची सूत्रे कोणाकडे होती? दोघांकडे. एक बाहेरून कंत्राटावर घेतलेला विश्लेषक, आणि दुसरा सेवेचा संगणक व्यवस्थापक. हा दुसरा माणूस मुळात अ‍ॅम्ब्युलन्सवाला. उमेदीची वर्षे त्याने या सेवेत काढली होती. संगणकाचे रीतसर शिक्षण नव्हते. पात्र माणूस मिळाला की त्याला बाजूला व्हावे लागणार, हे संस्थेला ठाऊक होते आणि त्यालाही. उद्या खुर्ची जाणार हे माहीत असलेल्या माणसाने आज लाखो पौंडांच्या निविदा तपासायच्या. 'व्यवस्थापक की तंत्रज्ञ' हा प्रश्न इथे लागूच होत नाही, कारण खुर्चीत बसलेला माणूस पुरता व्यवस्थापक नव्हता आणि तंत्रज्ञही नव्हता. चूक त्याची नव्हती. त्याला तिथे बसवणाऱ्यांची होती.

अठरा महिने आधी

एप्रिल १९९१. संस्थेची फेररचना झाली. वरिष्ठ आणि मधल्या फळीच्या व्यवस्थापकांची पदे कापली गेली.

मधली फळी कापली की ताळेबंद सुधारतो. पण खालच्याचे रडगाणे वर पोचवणारा आणि वरच्याचा हट्ट खाली समजावून सांगणारा माणूस याच फळीत असतो. मोठे काम हाती घेताना पहिली कुऱ्हाड नेमकी त्याच्यावर पडली.

सोळा-सतरा महिने आधी

निविदांचे दिवस. पस्तीस कंपन्यांनी विचारणा केली, सतरा जणींनी पूर्ण प्रस्ताव दिले. त्यांतल्या बऱ्याच जणींनी तारखेबद्दल शंका काढली. तारीख होती ८ जानेवारी १९९२, आणि तिच्यावर बोलणी होणार नाहीत असे उत्तर मिळाले. याआधी आर्थर अँडरसन या सल्लागार कंपनीने सांगून ठेवले होते की तयार सॉफ्टवेअर मिळाले तर १५ लाख पौंड आणि १९ महिने लागतील. तसे मिळाले नाही तर दोन्ही आकडे बरेच वाढवा. सेवेने १५ लाखांचा आकडा तेवढा लक्षात ठेवला. १९ महिन्यांचे ११ केले, आणि 'मिळाले नाही तर' हा भाग गळाला.

जिंकली ती अ‍ॅप्रिकॉट, सिस्टिम्स ऑप्शन्स आणि डेटाट्रॅक या तिघांची जोडणी. किंमत ९,३७,४६३ पौंड. तिच्या वरची निविदा सुमारे ७ लाख पौंडांनी महाग होती. यंत्रे अ‍ॅप्रिकॉटची, गाड्यांचा ठावठिकाणा सांगणारी व्यवस्था डेटाट्रॅकची, आणि ज्यावर सारा डोलारा उभा राहायचा ते गाड्या नेमण्याचे सॉफ्टवेअर सिस्टिम्स ऑप्शन्स या लहानशा कंपनीचे. सॉफ्टवेअरच्या या भागासाठी तिने लावलेला दर होता ३५,००० पौंड.

आपल्याकडे घराला रंग द्यायचा असला आणि एखादा रंगारी बाकीच्यांच्या निम्म्या भावात तयार झाला, तर घरातली आजीसुद्धा विचारते, "हा रंगात पाणी किती घालणार?" तो प्रश्न इथे कोणी विचारला नाही. प्रादेशिक आरोग्य प्राधिकरणाचा नियम होता की सबळ कारण नसेल तर सर्वांत कमी किमतीची निविदा घ्यावी. सबळ कारण शोधायला विषयातला जाणकार लागतो. तो नसला की नियम तेवढा उरतो, आणि नियम पाळणाऱ्याला कोणी जाब विचारत नाही.

चौदा महिने आधी

ऑगस्ट १९९१. करार झाले. तिघांत पुढारपण कोणाचे यावर आधी चालढकल होती. अ‍ॅप्रिकॉटला मुख्य कंत्राटदार व्हायचे नव्हते. ते ओझे लहानग्या सिस्टिम्स ऑप्शन्सच्या खांद्यावर आले, तेही तिच्या मनाविरुद्ध. प्रकल्प चालवण्यासाठी सरकारमान्य 'प्रिन्स' पद्धत वापरायचे ठरले, पण ती वापरल्याचा अनुभव चमूत कोणालाच नव्हता. सेवेच्या बाजूने पूर्णवेळ प्रकल्पप्रमुख नव्हता. बाहेरच्या तटस्थ माणसाकडून गुणवत्ता तपासून घ्यावी ही सूचना आली आणि गेली.

सॉफ्टवेअर लिहायला घेतले ते विंडोज ३.० वर, आणि पडदे बनवायला व्हिज्युअल बेसिक हे त्याच वर्षी बाजारात आलेले साधन. पडदे देखणे झाले, पण भरायला वेळ घेऊ लागले. तीन मिनिटांच्या दंडकात पडदा भरण्याची वाट पाहणे हीसुद्धा चैनच.

दोनशे ब्याण्णव दिवस आधी

८ जानेवारी १९९२. पक्की तारीख उजाडली आणि व्यवस्था तयार नव्हती.

इथे एखाद्या शहाण्या माणसाने सगळे पत्ते पुन्हा पिसले असते. झाले असे की तयार होता तेवढा तुकडा चालू केला. फोनवरची माहिती संगणकात भरायची, कागदावर छापायची आणि पुढे जुन्या रीतीने गाडी नेमायची. पुढचे नऊ महिने तुकड्या-तुकड्यांनी जोडणी होत राहिली आणि खोड्या दिसत राहिल्या. गाड्यांचे ठिकाण चुकीचे दिसे, काही भागांत रेडिओ पोचत नसे, संगणक मधूनच गोठत. एकदा प्रिंटर बंद केला गेला तेव्हा त्याच्या पोटात साठलेला कॉलच पुसला गेला.

प्रशिक्षण झाले होते, पण फार आधी. यंत्रणा येईपर्यंत शिकलेले विसरायला भरपूर अवधी मिळाला. शिवाय नियंत्रण कक्षातले लोक वेगळे शिकले आणि गाडीवरचे वेगळे. दिवसभर एकमेकांशी बोलून ज्यांचे काम चालते, त्यांना एकत्र बसवून शिकवावे हे सुचले नाही.

कर्मचाऱ्यांचा संशयही खोटा नव्हता. गाडीवाले आपापसांत ठरवून जवळची गाडी पाठवत, ओळखीच्या भागातले कॉल घेत. ही 'जुनी खोड' संगणकाच्या शिस्तीने मोडेल, अशी वरच्यांची अपेक्षा होती. रुग्णासाठी आणलेले साधन असे कामगाराला वठणीवर आणण्याचे साधनही झाले. ज्याच्या बोटांनी बटणे दाबायची, त्याचे मन त्यात नव्हते.

सुमारे बारा दिवस आधी

ऑक्टोबरच्या मध्यावर सिस्टिम्स ऑप्शन्सच्या एका प्रोग्रॅमरने सॉफ्टवेअरमध्ये काही बदल करून पाहिला आणि त्यातला एक तुकडा काढायचा राहून गेला. गाडी रवाना केल्याची नोंद झाली की हा तुकडा सर्व्हरच्या स्मृतीतली थोडीशी जागा घेई आणि परत सोडत नसे. दुकानदाराने प्रत्येक गिऱ्हाइकामागे एक पिशवी टेबलावर ठेवावी आणि उचलूच नये, तसे. पहिल्या दिवशी कोणाच्या लक्षात येत नाही.

हा तुकडा आपण इथे सोडून पुढे जाऊ. तेव्हाही सगळे तेच करत होते.

चोवीस तास आधी

रविवार, २५ ऑक्टोबर. उन्हाळी वेळ संपून ब्रिटनमधली घड्याळे त्याच पहाटे तासभर मागे गेली होती. नोंदवहीत ८१ ज्ञात दोष उघडे होते. पूर्ण भाराखाली यंत्रे टिकतात का हे तपासलेले नव्हते. मुख्य सर्व्हर पडला तर दुसरा उचलून धरेल का, हेही नाही.

नियंत्रण कक्षाची बैठक बदलली होती. तीन विभाग मोडून सारे लंडन एकत्र हाताळायचे होते. वर्षानुवर्षे शेजारी बसणारे लोक आता खोलीच्या वेगळ्या कोपऱ्यात, अनोळखी शेजाऱ्यांसोबत आले. ज्याला आपल्या भागातले तळ आणि गाड्या तोंडपाठ, तो आता अख्ख्या शहराकडे पडद्यातून बघणार होता. कागद जाणार होता.

आज थांबा, असे म्हणायचा अधिकार त्या रविवारी कोणाला होता? मुख्याधिकारी जॉन विल्बी यांना होता. पण ८१ दोषांचा भार मिळून काय होईल हे त्यांना सांगणारा जाणकार त्यांच्या शेजारी नव्हता. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना दोष माहीत होते; पण तारीख त्यांच्या हातात नव्हती. मला या साऱ्या प्रकरणाचा गाभा इथेच दिसतो. माहिती एका खोलीत होती, अधिकार दुसऱ्या खोलीत, आणि मधला दरवाजा एप्रिल १९९१मध्ये चिणून टाकलेला.

शून्य

सोमवार, २६ ऑक्टोबर १९९२, सकाळी ७चा सुमार. महाराष्ट्रात हा दिवाळीच्या पाडव्याचा दिवस. लंडनमध्ये कामाचा साधा सोमवार. पूर्ण यंत्रणा सुरू होते. गाडी आता संगणक नेमणार.

सुरुवातीला फोन कमी आहेत. एखादी गाडी चुकीच्या जागी दिसली तर माणसे ती हाताने दुरुस्त करतात. चालते आहे.

सकाळ चढते

संगणकाला निर्णय घेण्यासाठी प्रत्येक गाडी कुठे आहे आणि रिकामी आहे की गुंतलेली, हे जवळजवळ बिनचूक कळावे लागते. ही माहिती गाडीतल्या लोकांनी ठरलेल्या क्रमाने बटणे दाबली तरच येते. निघालो, पोचलो, रुग्ण घेतला, रुग्णालयात आलो, मोकळे झालो. रक्ताने माखलेल्या हातांनी स्ट्रेचर उचलणाऱ्या माणसाकडून हा क्रम कधी चुकतो, कधी राहतो. कधी रेडिओ पट्ट्यावर गर्दी असल्याने बटण दाबूनही निरोप पोचत नाही. कधी नेमून दिलेली गाडी सोडून दुसरीच घेतली जाते.

एकेक चूक किरकोळ आहे. पण फोन वाढतात तशा चुका दुरुस्तीच्या वेगाला मागे टाकतात. संगणकाच्या लेखी ज्या गाड्या गुंतलेल्या, त्या प्रत्यक्षात रिकाम्या उभ्या आहेत. मग तो लांबची गाडी पाठवतो. एकाच ठिकाणी दोन गाड्या पोचतात, दुसरीकडे एकही नाही. लांबून येणारी गाडी जास्त वेळ गुंतते, म्हणून पुढच्या कॉलला उपलब्ध गाड्या आणखी कमी.

दुपारकडे

जे संगणकाला उलगडत नाही ते तो पडद्यावर 'अपवाद' म्हणून टाकतो. त्याकडे माणसाने पाहायचे. पाहिले नाही तर तो तोच अपवाद पुन्हा तयार करतो. रांग वाढते, रांगेमुळे यंत्रणा मंदावते, मंदावल्यामुळे अपवाद वाढतात. पडद्यावर मावेनात तसे जुने संदेश वरच्या कडेपलीकडे सरकून दिसेनासे होतात. प्रत्येक सरकलेला संदेश म्हणजे कोणाच्या तरी घरी वाट पाहणारा माणूस.

सरकत्या पट्ट्यावरचा कागद असा नाहीसा होत नव्हता. तो हाताला लागे आणि साठला तर ढीग दिसे. ढीग दिसला की शेजारचा उठून मदतीला येई. पडद्याचा ढीग दिसत नाही.

आता वाट पाहणारे लोक पुन्हा फोन करू लागतात. एकाच कॉलचे दोन, तीन फोन. पूर्वी हे फॉर्म एका हातात येऊन जुळत. आता ते वेगवेगळ्या पडद्यांवर नवे प्रसंग म्हणून जन्म घेतात. संगणक त्यांनाही गाड्या नेमू पाहतो.

संध्याकाळ, रात्र

फोन वाजत राहतो आणि उचलायला दहा-दहा मिनिटे लागतात. गाडीवाले वैतागून रेडिओवरच बोलू लागतात, त्यामुळे पट्टा आणखी तुंबतो आणि बटणांचे निरोप आणखी अडतात. नियंत्रण कक्षातल्यांना गाड्या कुठे आहेत ते कळत नाही. गाडीवाल्यांना आपल्याला कोण आणि का पाठवते आहे ते कळत नाही.

तांत्रिक अर्थाने संगणक चालू आहे. त्याला जे करायला सांगितले होते ते तो इमानेइतबारे करतो आहे.

पाच तास कमी दीड दिवस

मंगळवार, २७ ऑक्टोबर, दुपारी २च्या सुमारास माघार. फोनची माहिती संगणकावरच घ्यायची, पण ती छापायची आणि गाडी माणसाने नेमायची. घटनास्थळाजवळच्या तळाशी बोलून गाडी ठरू लागली. म्हणजे जानेवारीतलीच अवस्था. खोली तासाभरात शुद्धीवर आली असे नाही, पण गाडा रुळावर आला.

बुधवार, २८ ऑक्टोबर. जॉन विल्बी यांनी राजीनामा दिला. आरोग्यमंत्री व्हर्जिनिया बॉटमली यांनी बाहेरच्या चौकशीची घोषणा केली. वर्तमानपत्रांतून वीस-तीस मृत्यूंचे आकडे फिरू लागले. पुढे यातल्या प्रकरणांची मृत्यूचे कारण तपासणाऱ्या अधिकाऱ्यांसमोर, म्हणजे कॉरोनरांसमोर, सुनावणी झाली, आणि उशिरामुळे मृत्यू झाला असा निष्कर्ष चौकशी अहवाल निघेपर्यंत तरी एकाही कॉरोनरने काढला नव्हता. हे मुद्दाम लिहितो, कारण या प्रकरणावरचे कित्येक लेख आजही तो आकडा सिद्ध झाल्यासारखा छापतात. उशिरामुळे मृत्यू झाल्याचे सिद्ध झाले नाही म्हणून ते तास लहान होत नाहीत.

नऊ दिवसांनी

बुधवार, ४ नोव्हेंबर. मध्यरात्र उलटून गेलेली, फोन तुरळक. अर्धी माणसे, अर्धा संगणक ही तडजोड आठवडाभर बऱ्यापैकी चालली होती.

दोनच्या पुढे पडदे जड होतात. मग गोठतात. यंत्रे बंद करून पुन्हा चालू करतात, पण ती उठत नाहीत. शून्य क्षणाच्या बारा दिवस आधी जो तुकडा आपण मागे सोडला होता, त्याच्या पिशव्यांनी टेबल भरले आहे. तीन आठवड्यांतल्या प्रत्येक रवाना गाडीमागे थोडी थोडी करत सर्व्हरची स्मृती संपली.

मग दुसरा सर्व्हर? तो होता, पण त्याने काम उचलण्याची सोय कागदाविना चालणाऱ्या पूर्ण यंत्रणेसाठी योजलेली होती. आताच्या तडजोडीत, प्रिंटर मध्ये घेऊन चालणाऱ्या व्यवस्थेत ती कधी तपासलीच नव्हती. माणसांनी फोनच्या ध्वनिफिती मागे फिरवून कोणते कॉल अर्धवट राहिले ते ऐकले, आणि पेन उचलले. पहाट होण्याआधी लंडन पूर्णपणे कागदावर परत आले.

या खेपेला दोष साहेबांच्या तारखेवर ढकलता येत नाही. ही निखळ तांत्रिक हयगय. बदल कोणी केला, कोणी तपासला, कोणत्या दिवशी चढवला, याची शिस्त असती तर तो तुकडा पहिल्या आठवड्यातच पकडला गेला असता. तंत्रज्ञाला मोकळे सोडले की सगळे सुरळीत होते असे मानणाऱ्यांनी ४ नोव्हेंबरची रात्र विसरू नये. आणि व्यवस्थापकच प्रकल्प हाकू शकतो असे मानणाऱ्यांसाठी २६ ऑक्टोबर आहेच.

चार महिन्यांनी

फेब्रुवारी १९९३. चौकशीचा अहवाल आला. चौकशी करणारे तिघे होते. डॉन पेज, दक्षिण यॉर्कशायरच्या अ‍ॅम्ब्युलन्स सेवेचे मुख्याधिकारी. पॉल विल्यम्स, संगणक-लेखापरीक्षणातले जाणते. आणि डेनिस बॉइड, मालक-कामगार तंट्यांत समेट घडवून आणणाऱ्या सरकारी संस्थेचे माजी प्रमुख समेटकार. गाडी समजणारा, संगणक समजणारा आणि माणसे समजणारा. प्रकल्प सुरू करताना जे तिघे एका टेबलाशी बसवायला हवे होते, ते राखेवर बसवले गेले.

त्यांनी स्पष्ट लिहिले की २६ ऑक्टोबरला ना यंत्रणा तयार होती, ना ती वापरणारी माणसे. संगणकच नको, असे मात्र त्यांनी म्हटले नाही. पुन्हा आणा, पण पायरीपायरीने, तपासत, शिकवत, आणि वापरणाऱ्यांचा विश्वास बसल्यावरच.

आता माझे मत. निवड करायचीच झाली तर मी तंत्रज्ञाला पुढे बसवीन, दोन अटींवर. एक, तारीख पुढे ढकलण्याचा लेखी अधिकार त्याच्याकडे हवा. नसेल तर तो तंत्रज्ञ असो की कुलगुरू, शोभेचाच. दोन, त्याने आधी महिनाभर त्या खोलीत फोन घ्यावेत आणि महिनाभर गाडीवर फिरावे. दुसरी अट ऐकून आमचे एक संगणकवाले स्नेही हसले होते. नंतर त्यांनी एका रुग्णालयाचे काम घेतले आणि रात्रपाळीच्या सिस्टरनी त्यांचा पडदा दोन दिवसांत बाजूला ठेवून वही उघडली, तेव्हापासून हसत नाहीत.

पुढे

कागदही वाचवतोच असे नाही. जून १९९४मध्ये आजारी असलेल्या अकरा वर्षांच्या मुलीला लंडनमध्ये ५३ मिनिटे अ‍ॅम्ब्युलन्सची वाट पाहावी लागली, आणि ती वाचली नाही. तेव्हा नियंत्रण कक्ष कागदावर चालत होता. संसदेत पुन्हा प्रश्न उठले आणि आणखी एक चौकशी झाली.

दरम्यान इयन टाय नावाचे संगणकातले जाणकार माहिती तंत्रज्ञानाचे संचालक म्हणून आले. त्यांनी नवी यंत्रणा संस्थेतच बांधायला घेतली. नमुना करायचा, नियंत्रण कक्षातल्या लोकांपुढे ठेवायचा, त्यांनी नाके मुरडली की बदलायचा. आधी फक्त फोन घेण्याचा भाग, तो अंगवळणी पडला की पुढचा. १९९७मध्ये ब्रिटिश कॉम्प्युटर सोसायटीने या कामाला पुरस्कार दिला.

ही यंत्रणा जानेवारी १९९६मध्ये सुरू झाली. पक्क्या तारखेला तेव्हा चार वर्षे झाली होती.